संशयानं जोडलेला ट्रक

“ही गाडी माझी न्हाई. या, समदी या, डोळं फाडून बघा. ह्यो ट्रक माझा न्हाई.”

कवठ्याचे रावजी आबा नदीकाठी ट्रकच्या पुढच्या बंपरवर चढून ओरडत होते. डोक्यावरचा पटका सुटून खांद्यावर आला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. खाली काठावर निम्मं गाव उभं होतं आणि त्या गर्दीच्या मधोमध, हातात तेलाचं फडकं घेऊन, मी. मी म्हणजे हुसेन मिस्त्री, शिरूरचा, मोटारी दुरुस्त करणारा. आबांचं बोट सरळ माझ्या छातीवर रोखलेलं.

“ह्या मिस्त्रीनं आतला माल बदललाय. वरचं खोकं तेवढं माझं ठिवलंय, पोटात समदं दुसऱ्याचं भरलंय.”

गाडी चालत नाही म्हणून गिऱ्हाईक ओरडतं, हे मी जन्मभर ऐकलं. त्याची मला इतकी सवय की कुणी ओरडला नाही तर मला जेवण जायचं नाही. पण आबा ओरडत होते ते गाडी चालली म्हणून. उसाच्या मोळ्यांनी शिगोशीग भरलेला तो लष्करी ट्रक नदीपल्याडच्या त्यांच्या रानातून खाली उतरला, मांडीभर पाण्यातून आला, आणि जिथं बैलगाड्या आसापर्यंत रुतायच्या ती वाळू तुडवत समोरची दरड घोरपडीसारखा चढला. एकदा खोकला नाही, एकदा कण्हला नाही. वर येऊन उभा राहिला तेव्हा बॉनेटवर ठेवलेला आबांचा पानाचा डबा जागचा हललेला नव्हता. डब्याचं खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण दरडीचं खरं आहे.

“आबा, अहो चालली ना गाडी,” मी म्हणालो.

“तेच तर म्हणतुया मी. एवढी चांगली चालती, म्हंजी माझी न्हाईच.”

लोक हसले. मग आबांचं तोंड बघून हसायचे थांबले. मला मात्र पहिल्यापासूनच हसू आलं नव्हतं. पुणे-नगर रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड होतं, ती जागा मला आबांच्या शब्दावर मिळालेली. दौंडहून आलेल्या तरण्या मिस्त्रीला शिरूरात कोण जागा देणार? आबांनी मालकाला सांगितलं, “देऊन टाका. चोर असला तरी बाजारातला बरा, हुडकाया लांब जावं लागत न्हाई.” एवढी ती शिफारस. आता त्याच तोंडानं आबा गावासमोर मला चोर म्हणत होते. तो शब्द संध्याकाळच्या आत शिरूरात पोचला असता, आणि माझं शेड, माझी हत्यारं आणि आमची चूल, सगळं पुन्हा दौंडच्या रस्त्याला लागलं असतं.

आता या ओरड्यापर्यंत गोष्ट कशी आली ते सांगतो. तुम्ही फराळाचं ताट मांडीवर घेऊन हे वाचत असाल, तर चकली संपेपर्यंत थांबा.

महायुद्ध संपलं, गोरं लष्कर गेलं आणि मागं डोंगराएवढ्या मोटारी टाकून गेलं. त्या सरकारनं लिलावात काढल्या. आमच्या धंद्यात त्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणायचे. मैदानात ट्रक रांगेनं उभे, तळातून गवत वर आलेलं, सीटमध्ये मुंगसाची पिल्लं. बोली करणाऱ्यानं हात लावून बघायचा, पण बॉनेट उघडायचं नाही आणि इंजिन सुरू करायचं नाही. थोडक्यात, बुरख्यातली नवरी. घरी आणल्यावर कळायचं की कुणाला गिअर नाहीत, कुणाला दातच नाहीत. स्पेअर पार्ट मिळायचे नाहीत, माहितीचं पुस्तक नाही. मग आम्ही मिस्त्री काय करायचो? तीन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करायचो. याचं जठर, त्याचं काळीज. त्यामुळे पार्ट बदलतो म्हणून मिस्त्रीवर संशय घेणं हे गिऱ्हाइकाचं कर्तव्यच होतं म्हणा. मीही कुणाच्या हातात माझी सायकल दिली नसती.

पण संशयालाही काही शिस्त असावी. तळेगाव ढमढेऱ्याचा एक भाजीचा व्यापारी जीप घेऊन आला, तर बॉनेटला सुतळी गुंडाळून त्यावर लाखेचं सील मारलेलं, पोस्टाच्या पार्सलला असतं तसं. म्हणाला, “सील तोडायचं न्हाई, आन् दुरुस्त कर.” मी खालून घुसलो. पाबळचा एक जीपवाला गाडी सोडून जाताना इंजिनाचे प्लग काढून कोटाच्या खिशात घालून न्यायचा. वर मला म्हणायचा, “आधी चालवून दाखीव, मग पलग देतो.” ही सगळी माणसं रावजी आबांच्या पुढं साधुसंत होती.

आबा मोठे बागायतदार, गावात वजन, सोसायटीत शब्द. त्यांचा ऊस नदीपल्याड आणि गुऱ्हाळ अल्याड. दर हंगामात बैल वाळूत गुडघे टेकायचे आणि ऊस काठावरच वाळायचा. कुणीतरी सांगितलं, लष्करी ट्रकला चारही चाकांनी ओढ असते. साध्या मोटारीची मागची दोन चाकं ढकलतात आणि पुढची नुसती वाट दाखवतात. या ट्रकला गिअरच्या दांडीशेजारी एक आखूड दांडी असायची, ती ओढली की पुढची चाकंही कामाला लागायची. बैलगाडीला मागूनही एक जोडी जुंपल्यासारखं. आबांनी लिलावातून असा एक चपट्या नाकाचा ट्रक उचलला आणि बैल लावून माझ्या शेडात ओढून आणला.

आल्या आल्या पहिला संशय दारावर. दाराच्या पत्र्याला बंदुकीच्या गोळीचं भोक होतं. आबांनी त्यात करंगळी घालून बघितली.

“भोक हाय,” ते म्हणाले, “मग गोळी कुठं गेली?”

“आबा, ती लढाईत गेली असेल.”

“का तू काढून ठिवलीस?”

त्याच वेळी मी हात जोडून गाडी परत न्यायला सांगायला हवं होतं. पण शेड नवं होतं आणि ट्रक मोठा होता.

दुसऱ्या दिवशी आबा लेंगा चढवून, बाह्या सारून हजर. म्हणाले, “पाना मी धरणार. तू हात लावायचा न्हाई. तू नुसतं तोंडानं सांग.”

“आबा, तुम्ही कधी पाना धरलाय?”

“न्हाई. म्हणून तर तुला सांगाया ठिवलाय.”

असा माझा तोंडी मिस्त्रीगिरीचा काळ सुरू झाला. मी खोक्यावर बसलेला, हातात चहाचा ग्लास, आणि तालुक्यातला एक प्रतिष्ठित माणूस ट्रकखाली पाठीवर पडलेला. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे. त्यांना वाटायचं, आबा माझं काही देणं लागतात आणि मी ते फेडून घेतोय.

आता नवशिक्याला नट आवळायला शिकवणं अवघड. कमी आवळला की सुटतो, जास्त आवळला की तुटतो. त्यातून शिकणारा संशयी. मी “बास” म्हणालो की आबांना वाटायचं, हा मुद्दाम ढिला ठेवतोय, म्हणून ते अजून एक पीळ मारायचे. दोन बोल्ट तुटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उलटं सांगायला लागलो. नट बरोबर बसला की मी म्हणायचो, “आवळा अजून, आबा, चांगला आवळा.” आबा लगेच हात आखडायचे. “मोडायचा बेत हाय व्हय रं तुझा?” आणि पाना खाली. त्या ट्रकचा एकूण एक नट या पद्धतीनं बसलाय. अशी बरोबर आवळलेली गाडी विलायतेतल्या कारखान्यातूनही बाहेर पडली नसेल.

तीच गत सफाईची. मळाखाली तडा लपवला असेल म्हणून आबा प्रत्येक पार्ट रॉकेलमध्ये बुडवून घासायचे, बायका समई घासतात तसा. पेट्रोल पंपवाल्यावर विश्वास नाही म्हणून ते धोतराच्या घडीतून गाळायचे. ब्रेकच्या आतले रबरी वायसर कुठं मिळेनात, तर मोटेच्या जुन्या चामड्याचे तुकडे एरंडेलात मुरवून आबांनी स्वतः कातरून बसवले. मी एकदाच म्हणालो, “चामडं चालतं,” आणि आबांनी घरी जाऊन विहिरीवरची मोटच फाडली. पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून हवेची नळी उंच करायची होती, तर गुऱ्हाळाच्या धुराड्याचं नळकांडं कापून बॉनेटच्या बाजूला उभं केलं. मागचा लोखंडी हौदा काढून बाभळीच्या फळ्यांचा केला. ट्रक दिसायला असा झाला की लष्करानं परत बघितला असता तर सलामी देण्याऐवजी पळ काढला असता.

मधूनमधून आबांच्या घरच्या, गंगूकाकी, भाकरी घेऊन यायच्या. नवऱ्याचे पाय ट्रकखालून बाहेर आलेले बघून त्या माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या.

“मिस्त्री, ह्येंच्या हातानं काय व्हतंय का खरंच? घरात खुंटी ठोकली तर तिच्यावर टोपी राहत न्हाई. सासरं म्हणायचं, रावज्या, तू कशाला हात लावू नगंस, लावलास की ते मोडतंय.”

“काकी, हात चांगला आहे त्यांचा,” मी म्हणालो.

काकींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आता त्यांनाही माझा संशय आला.

एवढं सगळं स्वतःच्या हातानं करूनही आबांच्या डोक्यात एक किडा होता. ते जेवायला जायचे, झोपायला घरी जायचे. तेवढ्यात मी माल बदलला तर? त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो अख्ख्या जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

आपल्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव घालतात. लग्नकार्यात शेजारचं भांडं कुणाचं हा तंटा नको म्हणून. शिरूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढं गजा कासार बसायचा. बारीक छिन्नी आणि हातोडी, टिक टिक टिक, आणि तांब्यावर टिंबाटिंबांनी नाव उठायचं. आबा गजाला त्याच्या हत्यारांसकट माझ्या शेडात घेऊन आले.

“ह्या समद्यावर माझं नाव घाल,” आबा म्हणाले.

गजानं खोललेल्या ट्रकवरून नजर फिरवली. पोतडीभर पार्ट गोणपाटावर पसरलेले. “आबा, ह्यात परात कुठली?”

“परात न्हाई. समदंच.”

आणि गजानं घातलं. गिअरवर ‘रावजी’, स्प्रिंगच्या पट्टीवर ‘रावजी’, कार्बोरेटरवर बारीक अक्षरात ‘रावजी’. नटावर जागा नाही म्हणून नुसता ‘रा’. रेडिएटरच्या जाळीवर छिन्नी ठेवली तेव्हा मी त्याचं मनगट धरलं, नाहीतर त्या दिवशी रावजी नावाचं कारंजं झालं असतं. ग्रीसच्या डब्यात आबांनी स्वतः बोटानं नाव लिहिलं.

मधेच कळलं की पुढच्या उजव्या चाकाचा सांधा गेलाय. पुढचं चाक ओढतंही आणि वळतंही, म्हणून त्याच्या आत वाटीत पोलादी गोळ्या असलेला एक सांधा असतो, माणसाच्या खुब्यासारखा. तो झिजला की चाक वळताना कटकट करतं. तसला सांधा मिळाला तर दौंडलाच. माझे वडील दौंडला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडात फिटर, मी तिथंच लहानाचा मोठा झालो, तिथला भंगार विकणारा प्रत्येक मोडवाला मला ओळखायचा आणि म्हणूनच कुणी मला माल दाखवायला राजी नसायचा.

मी एकटा जातो म्हणालो. आबांनी मान हलवली. ते बरोबर येणार. मग ट्रकची राखण? आबांनी स्टिअरिंगचं चाक उपसलं आणि बरोबर घेतलं. शिरूर-दौंड एसटीत ते खिडकीशी बसले, मांडीवर ते भलंमोठं चाक, दोन्ही हातांनी धरलेलं. गाडी वळली की सवयीनं तेही वळवायचे. कंडक्टर तिकिटाला आला आणि थबकला.

“पाव्हनं, गाडी आमचा डायवर चालवतोय का तुमी?”

“तुमच्या डायवरचा मला भरवसा न्हाई,” आबा म्हणाले.

दौंडचा मोडवाला शेठ आबांच्या वरचा निघाला. माल कुठल्या गाडीचा ते आम्हाला ओळखू येऊ नये म्हणून त्यानं सांधा पंचाखाली झाकला आणि म्हणाला, “हात घालून बघा.” जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात तसं. मी हात घातला. आबांनीही घातला. शेठला वाटलं आम्ही आत काही बदलतोय, म्हणून त्यानंही घातला. तीन हात पंचाखाली, तिघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतोय, आणि सांधा कुणाच्याच हाताला लागत नाही, कारण प्रत्येकानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. शेवटी मी बोटाच्या टोकानं गोळ्या चाचपल्या. चांगल्या होत्या. शिरूरला आल्यावर गजानं त्यावरही नाव घातलं आणि दौंडचा माल कवठ्याचा झाला.

खरी गंमत झाली ती एका पितळी चकतीची. त्याच उजव्या चाकाच्या आत, खालच्या बाजूला, तळहाताएवढी एक चकती असते. चाक वळतं ते तिच्यावर, आणि ट्रकचा त्या कोपऱ्याचा सगळा भार तिच्यावर. तिचं तोंड आरशासारखं गुळगुळीत हवं. मी चहा सांगायला गेलो होतो. परत येतो तो गजानं ती ताटली समजून अगदी मधोमध, ठसठशीत नाव घातलेलं. आमच्या मालात तेवढाच त्याला ओळखीचा धातू दिसला होता, म्हणून त्यानं हौसेनं खाली वेलबुट्टीही काढली होती.

मी डोकं धरलं. छिन्नी मारली की टिंबाभोवती धातूची कड उभी राहते. ती कड खालचा भाग खरवडणार. “आबा, हे घासून काढायला लागेल.”

“घासलंस की नाव गेलं.”

“नाव घासायचं नाही. वरची कड तेवढी.”

“नाव घालवायचा डाव हाय तुझा. मग कुठली बी चकती आणून बसवशील.”

बराच वेळ झाली ती बाचाबाची. अखेर धार लावायचा तेलाचा दगड आबांच्या हातात दिला. मी खोक्यावरून सांगत राहिलो, “हळू, गोल फिरवा, दाबू नका,” म्हणजे तोंडानं अर्थातच, “दाबा, आबा, जोर लावा.” आबांनी इतक्या हळुवार घासलं की कड तेवढी गेली आणि टिंबांचे खळगे तसेच राहिले. माझे वडील असते तर त्यांनीही त्या हाताला नावं ठेवली नसती. मी तसं म्हणालो. आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दगड बाजूला ठेवला.

आणि आता त्याच चकतीवर माझं शेड टांगलेलं होतं. बंपरवरून उतरून आबा म्हणाले, “उजवं चाक खोलतो. आत पितळंची चकती हाय, तिच्यावर माझं नाव हाय. नाव असलं तर गाडी माझी. नसलं तर मिस्त्री, तू आजच्या आज शिरूर सोडायचं.”

“सोडीन,” मी म्हणालो.

कारण मला ठाऊक होतं ते तिथं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चकती घासणाऱ्या जागी बसलेली. चाचणीसाठी ट्रक किती वेळा फिरवला होता, वर आज भरल्या ओझ्यानं नदी ओलांडलेली. नाव झिजून साफ गेलं असण्याचीच शक्यता जास्त. चकती आबांचीच असणार, पण कोरी असणार. आणि कोरी चकती हातात धरून ‘ही तुमचीच’ म्हणणाऱ्या मिस्त्रीवर कोण विश्वास ठेवील? मीसुद्धा ठेवला नसता.

आणि संशय हा असा रोग की बघता बघता मलाही लागला. आबा चाकाच्या नटांना पाना लावत होते आणि मी मनात एकेकाला उभं करत होतो. गजानं तर कुणाला विकली नसेल? दौंडच्या शेठनं पंचाखाली दुसराच सांधा दिला असेल का? आणि हे आबाच? स्वतःच चकती बदलून मला शिरूरातून उठवायचा बेत नसेल कशावरून? सहज काढायचा म्हटलं तर प्रत्येकाच्या विरुद्ध पुरावा निघत होता. त्या काठावर उभ्या गर्दीत प्रामाणिक असा मला एकही माणूस दिसेना.

मी पुढं झालो. “आबा, मी खोलतो.”

“हात लावू नगंस,” आबा म्हणाले.

त्यांनी जॅक लावला, लाकडाचा ठोकळा सरकवला. नट सोडले आणि ते पटक्यात ओळीनं मांडले, ज्या क्रमानं सोडले त्याच क्रमानं. चाक उतरवलं. सांध्याचं झाकण काढलं. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, एकदाही थांबले नाहीत. पाना हातातल्या हातात फिरत होता, बोटं न बघता नटावर जात होती. पुढं उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “आरं, रावजीला येतंय की ह्ये.” आबांच्या कानापर्यंत ते गेलं नाही.

आतून काळं ग्रीस निघालं. आबांनी त्यात हात घातला, चकती बाहेर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उन्हात धरली.

मी डोळे मिटले होते. त्यामुळे आधी गर्दीचा आवाज ऐकला. मग उघडले.

नाव होतं. नुसतं होतं असं नाही, ताज्या कोरल्यासारखं होतं. प्रत्येक टिंबात ग्रीस भरून राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की ट्रक एवढा लोण्यासारखा का वळत होता. गजाच्या प्रत्येक टिंबानं थेंबभर तेल धरून ठेवलं होतं आणि चकती कोरडी पडूच दिली नव्हती. पुढं मी हा शोध पुष्कळ मिस्त्र्यांना सांगितला. ते हसले. हसू देत. मी नंतर स्वतः छिन्नीनं चकत्यांवर टिंबं मारून बघितली, नाव न घालता. तसा गुण आला नाही. ते हसतात ते याच वाक्याला.

आबा चकतीकडं बघत उभे होते. उलटी करून बघितली. परत सुलटी केली. वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला. मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडी माझीच हाय म्हणायची.”

माफी नाही, काही नाही. त्यांनी चकती होती तशी बसवली, चाक चढवलं, नट त्याच क्रमानं लावले आणि मी मागून तोंडभर ओरडलो, “आवळा, आबा, अजून आवळा.” त्यांनी तिथंच पाना थांबवला. ट्रक गुऱ्हाळाकडं गेला. माझं शेड शिरूरातच राहिलं.

त्यानंतर जे झालं त्यानं मला धंद्यात वर काढलं आणि मनात कायमची एक टोचणी ठेवली. आबा बाजारात, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात, जिथं जातील तिथं सांगत सुटले, “गाडी केली ती हुसेननं. असा मिस्त्री जिल्ह्यात न्हाई.” लांबलांबून लोक डिस्पोजलचे ट्रक, जीपा ओढत माझ्याकडं आणायला लागले. एकेकाची एकच मागणी, “आबांची केली तशी कर.” मी केल्या. माझ्या स्वतःच्या हातानं केल्या, होता नव्हता तेवढा हुन्नर लावला. चांगल्या चालल्या, नाही असं नाही. पण चढाला खोकायच्या, वाळूत कण्हायच्या. तशी एकही चालली नाही. गिऱ्हाइकं मनात म्हणायची, ह्यानं आबांना खरं काम दिलं आणि आम्हाला वरवरचं. मी त्यांना काय सांगणार? त्या ट्रकला मी हातच लावला नव्हता हे सांगितलं असतं तर त्यांनी तोही नवा डाव समजला असता.

सांगायला हवं होतं ते एकाच माणसाला, आणि त्याला मी सांगितलंही, अनेकदा. आबा, काम तुमचं आहे, नट तुम्ही आवळलेत, चकती तुम्ही घासलीत. दर वेळी ते मान दुसरीकडं वळवायचे. गंगूकाकी सांगायच्या की घरात अजून खुंटी ठोकायची झाली तर आबा सुताराला बोलावतात आणि त्याच्यावर पहारा करत बसतात.

एका बाजारच्या दिवशी आबा शेडात आले. तोवर माझ्याकडं तीन ट्रक रांगेत उभे होते आणि सगळे त्यांच्या शब्दावर आलेले. ते बसले, मी चहा सांगितला. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही.

“आबा, एक सांगा. पाना पहिल्यापासून तुमच्या हातात होता. मी ह्या खोक्यावर बसून चहा पीत होतो. एका नटाला बोट लावलं असेल तर सांगा. मग तुम्ही जगाला सांगता की काम हुसेनचं, ते कुठल्या हिशोबानं?”

आबांनी बशीतला चहा फुंकला, प्यायले, बशी खाली ठेवली.

“तू बघत व्हतास न्हवं,” ते म्हणाले.